पहिल्याच बासने गळ खोल गिळला, आता लेकीला पुन्हा तळ्यावर कसं न्यावं?

पहाटपाणी

नमस्कार मंडळी,

मी सहा-सात वर्षं बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवतोय, पण बहुतेक वेळा एकटा आणि नकली आमिषावर. लहान मुलाला सोबत नेण्याचा अनुभव नव्हता. गेल्या रविवारी लेकीला पहिल्यांदा नेलं. ती साडेपाच वर्षांची आहे.

पहाटे पाचला उठवायला गेलो तर ही आधीच बूट चढवून पलंगावर बसलेली, उजवा डाव्या पायात. तळ्यावर पोचलो तेव्हा पाण्यावरून धुकं उठत होतं आणि पलीकडच्या काठावरची झाडं अर्धीच दिसत होती. लव्हाळी आणि कमळपानं यांच्यामध्ये पाण्याची एक मोकळी पट्टी आहे. उजाडताना बास तिथे उथळात शिकारीला येतात, हे मला माहीत होतं. तिच्यासाठी चार फुटी रॉड आणि बटण दाबून सोडायचं रीळ घेतलं होतं. त्याला लाल-पांढरा बॉबर (पाण्यावर तरंगणारा गोळा), खाली दीड हात तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, आणि गळाला जिवंत गांडूळ. बॉबर लावला कारण लहान पोराला डोळे लावून बसायला काहीतरी हवं.

पहिला पाऊण तास फक्त ब्लूगिल नावाचे छोटे मासे कुरतडत होते. बॉबर थरथरायचा, गळ वर काढला की गांडूळ गायब. तिची काही तक्रार नव्हती. डब्यातल्या तीन गांडुळांना तिने "आज तुम्हाला सुट्टी" म्हणून ओल्या मातीत सोडून दिलं आणि वर पानं झाकली.

मग तिला लव्हाळ्याच्या पात्यावर एक चतुर बसलेला दिसला. तिने रॉड गवतात ठेवला आणि बघायला गेली. त्याच वेळी माझा तंगूस लव्हाळ्यात अडकला म्हणून मी तो सोडवत होतो. वळून पाहिलं तर बॉबर पाण्यावर नव्हता. किती वेळ झाला होता, सांगता येत नाही. मी ओरडलो, तिने रॉड उचलला आणि तो वाकलाच. "बाबा, हा मला ओढतोय!" हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी विसरणार नाही. मी हात लावला नाही, फक्त तिच्या जॅकेटचा पट्टा मागून धरून ठेवला. तिने स्वतः रीळ फिरवून मासा काठाशी आणला. फूटभर लांबीचा, अंगावर काळी पट्टी असलेला लार्जमाउथ जातीचा बास.

तंगूस थेट त्याच्या घशात गेलेला होता.

मी पक्कड घातली. गळ दिसत नव्हता, हाताला लागत होता. एकदा पिळून पाहिलं, दोनदा ओढून पाहिलं. तीन-चार मिनिटं तरी मासा पाण्याबाहेर होता. कल्ल्यांतून रक्त आलं, माझ्या मनगटावर आलं, आणि ती शेजारी उभी राहून सगळं बघत होती. तिने विचारलं, "त्याला दुखतंय का?" मी म्हणालो, "नाही गं, माशांना दुखत नाही." शेवटी गळ निघाला. मासा पाण्यात सोडला तर तो दोन हात पुढे गेला आणि कुशीवर झाला. "तो झोपला का?" मी हो म्हणालो आणि सामान आवरायला घेतलं.

रात्री पांघरुणातून तिचा आवाज आला, "बाबा, तो झोपला होता तर त्याचे डोळे उघडे का होते?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं की आपण पुन्हा कधी जायचं. म्हणजे तिला जायचं आहे, अडलोय तो मी. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? मुळात असं होऊ नये म्हणून काय बदलू? आणि त्या डोळ्यांबद्दल तिला काय सांगू?

जुना_काठ

पहाटपाणी, तुम्ही सगळं न लपवता लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. माझी दोन मुलं आणि आता तीन नातवंडं याच वयात माझ्याबरोबर काठावर बसली आहेत. जे तुमचं झालं ते माझ्या थोरल्याबरोबर अगदी असंच झालं होतं.

पक्कड हातात घेतली तेव्हा गोष्ट बिघडली असं तुम्हाला वाटतंय. ती त्याआधीच, रॉड गवतात ठेवला तेव्हा बिघडली होती. बास भक्ष्याला चावत बसत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट ते आत शोषून घेतो. आमिष नकली असेल तर त्याला ते खोटं असल्याचं कळतं आणि बरेचदा तो थुंकून टाकतो. तुम्ही इतकी वर्षं नकली आमिषावर गरवलंत म्हणून हा प्रसंग तुमच्यावर फारसा आला नसणार. जिवंत गांडूळ मात्र चवीला खरंच असतं, त्यामुळे तो थुंकत नाही, गिळतो. बॉबर बुडून काही सेकंदं गेली की गळ घशात.

आता घशाशी काय काय आहे ते लक्षात घ्या. दोन्ही बाजूंना कल्ले, आणि त्यांच्या खाली थोडं मागे हृदय. तिथे रुतलेला गळ पिळला किंवा ओढला की याच अवयवांना इजा होते. तुमच्या मनगटावर आलेलं रक्त तिथलंच. म्हणून गळ दिसत नसेल तर तो काढायचा नाही. मासा पाण्यातच ठेवायचा, तंगूस तोंडाशी जितका जवळून कापता येईल तितका कापायचा आणि सोडून द्यायचं. गळ आत ठेवून मासा सोडणं आपल्याला क्रूर वाटतं, पण ओढून काढलेल्या माशापेक्षा त्याच्या जगण्याची शक्यता जास्त असते. पुष्कळ मासे तो गळ पुढे टाकून देतात. त्यासाठी साधे पोलादी गळ वापरा, स्टेनलेसचे नकोत, ते गंजत नाहीत.

मुलांबरोबर मी गोल वळणाचा, टोक आत वळलेला सर्कल हूक लावतो. साध्या गळाला वेळेवर झटका द्यावा लागतो आणि साडेपाच वर्षांच्या पोराकडून तो बसत नाही. सर्कल हूकला झटका द्यायचाच नसतो, सावकाश रीळ फिरवायचं. तंगूस ताणला की गळ सरकत येतो आणि बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तुमचा मात्र मोठेपणी लागलेला झटक्याचा हात आवरावा लागेल. शिवाय गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा कधीमधी निसटेल, निसटू दे. तोच गळ उद्या तिच्या बोटात किंवा तुमच्या कानात घुसला तर सपाट केलेला काटा किती मोलाचा ते कळेल. हे दाबायचं काम तिच्याकडूनच करून घ्या, हाताखाली हात ठेवून.

मासा हातात घेण्याआधी हात पाण्यात बुडवा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगांपासून वाचवतो, कोरड्या हाताने आणि कोरड्या गवताने तो निघून जातो. खालचा ओठ अंगठा आणि तर्जनीत धरून मासा उभा लटकता ठेवा. आडवा दाखवायचा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच, नाहीतर सगळं वजन जबड्यावर येतं. बासचे दात बारीक, खरकागदासारखे असतात, तिला बोट लावून बघू द्या. मुलांना हे फार आवडतं.

आणि एक सवय लावा. मासा पाण्याबाहेर आला की तिने आपला श्वास रोखायचा. तिला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेला पाहिजे. माझा धाकटा नातू गाल फुगवून असा उभा राहतो की मला घाई करावीच लागते. तीन-चार मिनिटं म्हणजे किती, हे कुणी न सांगता कळतं.

सोडताना मासा कुशीवर झाला तर लगेच मेला असं समजू नका. त्याला पाण्यात सरळ धरून ठेवा, कल्ल्यांची उघडझाप नीट होऊ द्या, आणि तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत हात काढू नका. पुढे-मागे घासत बसू नका, कल्ल्यांतून पाणी उलटं जाणं त्याला सोसत नाही. तुमचा मासा वाचला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण तुम्ही आवरायला घेतलंत तिथे थांबायला हवं होतं.

पुढच्या खेपेला तुमचा रॉड घरी ठेवा. या वयाच्या मुलाबरोबर एकच रॉड, तिचा. ती चतुर बघायला गेली की गळ पाण्याबाहेर. चतुर बघणं हासुद्धा त्या सकाळचाच भाग आहे, त्यासाठी तिला ओरडू नका. तासाभरात, ती कंटाळायच्या आत, परत निघा. आणि बासच्या मागे लागू नका. जे ब्लूगिल तुम्हाला अडथळा वाटले तेच तिच्या मापाचे मासे आहेत. छोटा गळ, गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी लागतं.

जीवरक्षक जॅकेट तिच्या वजनाच्या मापाचं आहे ना? पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या, नाहीतर पाण्यात पडल्यावर मूल खाली आणि जॅकेट वर अशी गत होते. गळ मागे फिरवायच्या आधी मान वळवून बघायचं, हा नियम तुम्हा दोघांनाही. डोळ्यांवर चष्मा. शिशाची वजनं वापरत असाल तर ती दातांनी दाबू नका आणि तिच्या हाती देऊ नका. कथलाची मिळतात. तळ्यात पडलेलं शिसं पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि त्यांना विषबाधा होते.

अजून एक. तिला गप्प बसवू नका. हवेतला आवाज पाण्यात फारच थोडा उतरतो. पण काठावर किंवा होडीत पाय आपटले तर तो हादरा माशाच्या अंगावरच्या संवेदनरेषेला लगेच कळतो. गाणी म्हणू दे, उड्या नको.

शेवंती

मी बालवाडीत शिकवते. गरवण्यातलं मला काही कळत नाही, पण त्या डोळ्यांबद्दल लिहावंसं वाटलं.

दादा, तिला खरं सांगा. माशाला पापण्या नसतात, तो झोपला तरी त्याचे डोळे उघडेच राहतात. म्हणजे उघड्या डोळ्यांवरून तो मेला असं ठरत नाही. पण एवढ्यावर थांबलात तर ती पुन्हा फसवणूक होईल, कारण तो झोपला नव्हता हे तुम्हाला माहीत होतं. मी असं सांगेन: "मी त्या दिवशी झोपला म्हणालो ते बरोबर नव्हतं. त्याला लागलं होतं. तो बहुतेक मेला असेल. मला वाईट वाटलं म्हणून मी नीट सांगितलं नाही." या वयाची मुलं मृत्यूचा प्रश्न मोठ्यांपेक्षा सरळ विचारतात. तिने चार-पाच वेळा तेच तेच विचारलं तरी तेच उत्तर द्या. उत्तर बदललं की त्यांना भीती वाटते, मृत्यूची तितकी वाटत नाही.

दुखण्याबद्दलही तसंच. 2003 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी रेनबो ट्राउट या माशाच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. माशाला आपल्यासारखं दुखतं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण "माशांना दुखत नाही" असं ठामपणे म्हणण्याइतका आधार कुणाकडेच नाही. तिला "त्याला त्रास होतो, म्हणून आपण पटकन आणि हळू हाताने सोडतो" एवढं सांगितलं तरी ती समजून घेईल. गांडुळांना सुट्टी देणारी मुलगी आहे ती.

लांबचा_किनारा

जुना_काठ यांचं सगळं पटलं, फक्त सोडण्याबद्दल एक भर. लार्जमाउथ मूळचा उत्तर अमेरिकेचा. माणसांनी तो जगभर नेला, आणि जिथे तो बाहेरून आला तिथे त्याने स्थानिक माशांचं पुष्कळ नुकसान केलं आहे. जपानमध्ये तो 1925 साली आशी सरोवरात आणला गेला. आज तिथल्या बिवा सरोवरात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला नियमाने मनाई आहे. म्हणजे एका तळ्यात जे पुण्यकर्म, दुसऱ्यात तेच चुकीचं. परवाना, हंगाम, लांबीची मर्यादा हे सगळं आपापल्या तळ्यापुरतं आधी वाचून घ्या.

लेकीला सांगायला गोष्ट हवी असेल तर ही घ्या. 1932 मध्ये जॉर्ज पेरी यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा लार्जमाउथ पकडला. तो विक्रम 77 वर्षं टिकला. 2009 मध्ये मानाबू कुरिता यांनी बिवा सरोवरातच जवळजवळ तेवढाच, औंसभराने जड मासा काढला आणि दोघांची नोंद बरोबरीची धरली गेली. कुरिता यांचं आमिष होतं जिवंत ब्लूगिल. तिच्या गांडुळांवर ताव मारणारा तोच मासा.

पहाटपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंतीताई, काल रात्री सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं." एवढंच. मग पापण्यांवर मात्र अर्धा तास प्रश्न.

जुना_काठ, एक विचारायचं आहे. आज संध्याकाळी आम्ही दोघं नुसतेच तळ्यावर गेलो होतो, गळ न घेता. उथळात, गुडघाभर पाण्यात एक बास एकाच जागी घुटमळताना तिला दिसला. आम्ही जवळ गेलो तरी पळाला नाही. ती म्हणतेय तोच धरू या. चालेल?

जुना_काठ

त्याला सोडा. खाली वाळूत ताटासारखा स्वच्छ गोल खळगा दिसला का? तो बाप आहे. पाणी साधारण 16 ते 20 अंशांपर्यंत तापलं की नर शेपटीने झाडून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि अंडी व पिल्लं तो एकटा राखतो. त्या दिवसांत तो भुकेने नाही तर रागाने आमिषावर तुटून पडतो, म्हणून त्याला धरणं फार सोपं असतं. पण तुम्ही त्याला पाच मिनिटं उचललंत की आसपासचे ब्लूगिल आत शिरून अंडी खातात. परत सोडलात तरी तोवर घरटं रिकामं झालेलं असू शकतं, आणि मग तो ते टाकून निघून जातो.

ध्रुवित काचांचा चष्मा असेल तर तिला लावा, पाण्यावरची चमक जाते आणि तळ स्पष्ट दिसतो. तिला नुसतं बघू द्या.

पहाटपाणी

आज सकाळी जाऊन आलो, लगेच लिहितोय.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर तिने चार सर्कल हूकचे काटे पकडीने दाबले. प्रत्येक गळ कापसावरून ओढून बघितला, अडकला की पुन्हा दाबायचा. ही कापसाची युक्ती तिचीच. माझा रॉड घरी ठेवला. खरं सांगतो, गाडीत सामान भरताना माझे हात त्याच्याकडे दोनदा गेले.

आधी घरट्यापाशी गेलो. बाप जागेवर होता. आम्ही सात-आठ हातांवर उकिडवे बसलो आणि तिने माझा चष्मा दोन्ही हातांनी धरून पाहिलं. एक ब्लूगिल जवळ आला आणि बापाने झडप घालून त्याला हाकललं. ती कुजबुजली, "तो जेवायला कधी जातो?" राखणीच्या दिवसांत तो फारसं खातच नाही हे सांगितलं तर तिने डब्यातलं एक गांडूळ काढून माझ्यासमोर धरलं. "गळाशिवाय," ती म्हणाली. आम्ही ते तिथे टाकलं नाही, कारण त्याच्या वासाने ब्लूगिलच गोळा होतील असं मला वाटलं. तिला ते पटलं, पण गांडूळ डब्यात परत न जाता मातीत गेलं.

मग तिथून बरंच लांब, दुसऱ्या काठाला गळ टाकला. गाणी मोठ्याने चालू होती, पाय आपटणं बंद. पन्नास मिनिटांत सहा ब्लूगिल. सहाच्या सहा जबड्याच्या कडेला लागलेले, पक्कड लागलीच नाही, बोटांनी गळ फिरवला की सुटत होते. प्रत्येक वेळी ती हात बुडवायची, गाल फुगवायची आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहायची. तिसऱ्या माशाला मला जरा उशीर झाला तर लाल तोंडाने माझ्या दंडावर चापट बसली.

सातव्या वेळी बॉबर थरथरला नाही, एकदम खाली गेला. रॉड वाकला. ती रीळ फिरवत होती, मी झटका द्यायला पुढे झालेला हात मागे घेतला. कमळपानांच्या कडेला पाणी फुटलं, बास अर्धा वर आला, तोंड वासून डोकं झाडलं, आणि तंगूस सैल पडला. काटा सपाट होता.

मी तिच्याकडे बघितलं. ती पाण्याकडे बघत होती आणि तिचे गाल फुगलेले होते. मी म्हणालो, "अगं, गेला तो, सोड श्वास."

तिने सोडला. मग पाण्यातच हात खळबळून मला विचारलं, "हा कुणाचा बाबा होता का?"

मी सांगितलं, मला माहीत नाही. जुना_काठ, घरट्यापासून किती लांब राहिलं म्हणजे पुरेसं, तेवढं सांगा. पुढच्या रविवारी पुन्हा जायचंय.